गाणं, पियानो आणि नटपण एकाच माणसानं: जॅझवाले हे कसं जमवत?

ऑर्गन_वडसा

राजेहो, नेमकी माहिती पाहिजे. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाट्यमंडळीत ऑर्गनवर बसणारा माणूस गातोही, आणि नट कमी पडला की त्याच्या गळ्यात पात्रही येतं. अमेरिकेतल्या जॅझमध्ये हेझल स्कॉट, नॅट किंग कोल अशा लोकांनी गाणं, पियानो आणि कॅमेऱ्यापुढचं काम ही तिन्ही कामं केली. त्यांचे जुने व्हिडिओ पाहिले तर हात एकीकडे, गळा दुसरीकडे, आणि नजर सरळ लोकांवर. आपल्याकडे हार्मोनियमवरून आलेल्या माणसाचा हात गाण्याच्या मागं मागं धावतो, आणि मान खाली राहते.

आधी हात बसवायचे की गळा? ६१ पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर हे होतं का? वाजवता वाजवता संवाद कसा म्हणायचा? आणि या लोकांचं करिअर नेमकं कशावर उभं राहिलं नि कशावर मोडलं? सीझन दिवाळीनंतर धान निघाले की सुरू होतो, तोवर काय बसवता येईल ते सांगा. कौतुक नको, पद्धत सांगा.

सूरपेटी

आधी हात, तोही डावा. कारण सरळ आहे: हाताच्या पेटीत डावा हात भात्यावर असतो, त्यामुळं वर्षानुवर्षं वाजवूनही तो स्वरांच्या बाबतीत कच्चा राहतो. जुन्या पायपेटीवर भाता पायानं चालायचा, म्हणून संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्यांचे दोन्ही हात मोकळे होते. ती सवय आता पुन्हा लावावी लागते.

दुसरी अडचण संगतीच्या सवयीची. पेटीवाला गायकाची चाल जशीच्या तशी बोटांनी उचलतो. जॅझमध्ये गळा चाल सांभाळतो आणि हात ती चाल वाजवत नाहीत. हात खालून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर देतात नि गायक श्वास घेतो त्या रिकाम्या जागेत छोटं उत्तर देतात. नॅट कोलचं ऐकताना फक्त हे तपासा: तो गात असताना उजवा हात किती कमी वाजतो. उजव्या हातानं चाल धरली की गळा त्या पट्टीला बांधला जातो, शब्द मागं ओढता येत नाही नि पुढंही टाकता येत नाही.

बसवायचा पहिला घास असा. सा म्हणजे पांढरी एक (इंग्रजीतला C) धरा. तीन कॉर्ड घ्या, प्रत्येकात तीनच स्वर:

रे – म – वरचा सा
प – म – नी
सा – ग – नी

पहिला स्वर डाव्या हातानं खाली, उरलेले दोन उजव्या हातानं मध्य सप्तकाच्या आसपास. आता वरच्या दोन स्वरांकडं पाहा: म-सा, मग म-नी, मग ग-नी. दर वेळी एकच स्वर एक पायरी खाली उतरतो, दुसरा जागेवर राहतो. जॅझची निम्मी गाणी या उतरणीवर उभी असतात. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, शेवटचा आठ मात्रा, आणि परत. लय ६० (मिनिटाला साठ मात्रा) ठेवा. पट्ट्यांकडं न पाहता पाच मिनिटं चाललं की पांढरी चार, काळी पाच आणि काळी दोन या पट्ट्यांत, म्हणजे सा तिथं धरून, हेच करा. ट्रान्सपोजचं बटण दाबून नव्हे, बोटांनी. बटणानं आवाज बदलतो, हाताला काही कळत नाही.

चुकतं कुठं? लोक सुरुवातीलाच सगळे पाच-सहा स्वर दाबतात. खालच्या सप्तकात ग आणि प जवळजवळ वाजले की नुसता गढूळ घुमारा होतो आणि गायकाला सूर सापडत नाही. खाली एकच स्वर, मोकळा.

आणखी एक: ऑर्गनचा आवाज पट्टी दाबून ठेवली तोवर चालतो, पियानोचा दाबल्याबरोबर विरायला लागतो. पेटीवाला पियानोवर बसला की पट्टी धरून बसतो आणि खाली शांतता पसरते. त्यावर उपाय म्हणून आवाज लांबवणारं पेडल दाबून ठेवू नका, सगळे कॉर्ड एकमेकांत मिसळतात नि शब्द बुडतात. कॉर्ड बदलला की लगेच पेडल सोडून पुन्हा दाबायचं. कीबोर्ड चालू करताना पाय पेडलवर असला तर बऱ्याच यंत्रांत ते उलटं काम करायला लागतं, बंद करून पाय काढून परत चालू करा.

६१ पट्ट्या चालतात. पाच सप्तकं मिळतात, पियानोच्या ८८ मधल्या अगदी खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्या जातात. डावा हात खालच्या स्वरावरून वरच्या कॉर्डवर उड्या मारतो ती जुनी स्ट्राइड चाल थोडी आखडेल, बाकी काही अडत नाही. फक्त पट्टी स्पर्शाला प्रतिसाद देणारी पाहिजे. हळू दाबली काय, जोरात दाबली काय, आवाज तोच येत असेल तर त्यावर हे शिकू नका.

संवादासाठी सराव: वरचे तीन कॉर्ड चालू ठेवा आणि समोर पेपर ठेवून बाजारभाव मोठ्यानं वाचा. गाणं नको, कारण गाण्याला स्वतःची लय असते आणि हात त्यावर टेकतो. गद्यात तो आधार नाही. वाचताना हात अडखळला तर लय ५० वर आणा. गद्य सुटं झालं की नाटकाचा संवाद, गाणं शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, आधी गाण्यावर हात बसवतात. मग संवाद आला की हात थांबतो नाहीतर वाक्य ठेक्यात म्हटलं जातं, कविता म्हटल्यासारखं.

काळी_पाच

सूरपेटींनी पट्ट्या बरोबर निवडल्या. काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांच्या सोयीच्या, म्हणून जॅझची बरीच गाणी मुळात त्याच पट्ट्यांत लिहिलेली. आपल्याकडं बाईचा आवाज बहुधा काळी चार-पाचला बसतो, तेव्हा ती काळी पाच फुकटात मिळाली. पुरुष मात्र काळी एक ते पांढरी दोनमध्ये गातो. पट्टी गळ्याला पाहूनच ठरवा, बोटांच्या सोयीनं नाही. गाण्यातला सगळ्यात वरचा स्वर रात्री तीन वाजता लागला पाहिजे, त्या हिशेबानं अर्धा सूर खाली घेतलेला बरा.

ठेक्याचं सांगतो, कारण खरी गोम इथं आहे. स्विंग म्हणजे एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला सोडा. तिस्र जाती ज्याला माहीत त्याला हे पाच मिनिटांत कळतं. पण संथ लयीतच ते इतकं स्पष्ट असतं. लय वाढत गेली की दोन्ही स्वर जवळपास सारखे होतात, तिथं ओढूनताणून लंगडं वाजवलं की हास्यास्पद होतं.

वजन कुठं, हे त्याहून महत्त्वाचं. केरवा वाजवणारा समेवर जोर देतो. इथं टाळी दोन आणि चारवर. मेट्रोनोम ६० वर ठेवा, पण त्याचा ठोका एक न समजता दोन आणि चार समजा, म्हणजे खरी लय १२० झाली. एक आणि तीन मनात मोजायचे. पहिल्या दिवशी ठोका परत एकवर सरकतोच, तो सरकला की थांबून नव्यानं सुरू करा. तबलजीला आणि ऑक्टोपॅडवाल्याला आधी हे सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही दोन-चारवर आणि ते समेवर, आणि मंडपात कुणालाच टाळी सापडणार नाही.

सूरपेटींच्या एका गोष्टीला जोड. सोबत बास गिटार असेल तर डाव्या हाताचा खालचा स्वर सोडून द्या. दोघांनी तोच वाजवला की घुमतो. कोलच्या त्रिकुटात पियानो, गिटार आणि डबल बास होता, ड्रम नव्हते. बासवाला तळ धरत होता म्हणून त्याचा डावा हात इतका हलका राहिला.

मंडप_साउंड

माइक तोंडासमोर उभा करू नका, भौ. बूम स्टँड डाव्या अंगानं घ्या, दांडी चेहऱ्याच्या खालून आली पायजे. प्रेक्षकाले डोळे दिसले तरच तो नट, नाहीतर ऑर्गनवाला. कीबोर्ड लोकांकडं ४५ अंश तिरपा लावा. नॅट कोल पियानोवर अंग वळवून, तोंड लोकांकडं करून बसत होता, ते उगाच नव्हतं. मान खाली घातली की घसाही दबते.

माइकपासून अंतर: हळू गाताना दोन-तीन बोटं, जोरात सूर लावताना वीतभर मागं. फार जवळ गेलं की आवाजात खालचा घुमारा वाढते, जॅझवाले तो मुद्दाम वापरतात. नाट्यगीतवाला मात्र शेवटच्या ओळीतल्या माणसाले ऐकू जाईल असा आवाज टाकते, आणि तोच आवाज दोन बोटांवरून टाकला की फाटते.

कीबोर्डचा आवाज स्पीकरपुढं माइक ठेवून घेऊ नका, वायरनं थेट मिक्सरले द्या, मधात डीआय बॉक्स (वायरचा सिग्नल मिक्सरले जुळवणारी छोटी पेटी) टाका. हम आला तर आधी पाहा, लाइटचे डिमर आणि साउंड एकाच लाइनवर तर नाहीत. जनरेटरवर चालू करताना कीबोर्ड सगळ्यात शेवटी. अडॅप्टर दुसऱ्याचा लावू नका: काही यंत्रांत पिनच्या आतलं टोक धन असते, काहींत ऋण, अंगावर खूण छापलेली राहते. व्होल्ट जुळले पण खूण उलटी, तर बोर्ड जाते.

पहाटे दव पडते. पट्ट्यांच्या खाली रबराचे कॉन्टॅक्ट असतात, त्यावर ओल आणि धूळ बसली की एखादी पट्टी हळू दाबली तरी ठणकन वाजते, नाहीतर वाजतच नाही. दोन अंकांच्या मधात कापड टाकत जा. प्लास्टिक नको, त्याच्या आत पाणी धरते.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण). गाणाऱ्यानं तोंडात खर्रा धरून सीझन काढू नये. सुपारीनं गालाच्या आतली कातडी आखडते, तोंड उघडणं कमी होत जाते, आणि 'आ' चपटा व्हायले लागते. गेलेलं तोंड औषधानं पुरतं परत येत नाही.

जुनी_तबकडी

करिअरबद्दल. हेझल स्कॉटचा जन्म १९२० चा, त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनचा. लहानपणीच न्यूयॉर्कला आली, आई स्वतः वादक. बाख, लिस्ट यांच्या रचना आधी लिहिल्याप्रमाणं वाजवायची आणि मग त्याच रचनेला बूगी-वूगी या पियानोच्या धावत्या ठेक्यावर चढवायची, यावर तिचं नाव झालं. हे कसब कॅफे सोसायटी नावाच्या क्लबात मुरलं. काळे-गोरे एकाच टेबलावर बसू शकतील असा तो न्यूयॉर्कमधला क्लब होता. दोन पियानो दोन बाजूंना ठेवून एकाच वेळी वाजवणं हे तिचं पडद्यावरचं गाजलेलं काम. संगीत म्हणून त्यात फार काही नाही, पण नटाला मंचावर हालचाल पाहिजे असते ती मिळते.

व्यवहार तिच्याकडून शिकावा. मोलकरणीची कामं घेणार नाही, पडद्यावर हेझल स्कॉट म्हणूनच येणार, आणि प्रेक्षकांत काळे-गोरे वेगळे बसवले तर वाजवणार नाही, या अटी ती करारात घालायची. १९४३ मध्ये कोलंबिया या चित्रपट कंपनीच्या एका चित्रपटात काळ्या बायकांना मळके एप्रन घालून गाण्यात उभं करायचं ठरलं, तेव्हा तिनं तीन दिवस काम बंद ठेवलं. एप्रन गेले, पण हॉलिवूडची दारंही लवकरच बंद झाली. १९५० मध्ये ड्युमाँट या टीव्ही नेटवर्कवर तिचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम आला. त्याच वर्षी कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या यादीत नाव छापलं गेलं, ती स्वतःहून अमेरिकी संसदेच्या समितीपुढं जाऊन बोलली, आणि आठवडाभरात कार्यक्रम बंद. पुढं काही वर्षं पॅरिसला काढली.

माझं मत: नटी म्हणून तिला खरी कामं कमीच मिळाली. स्वतःच्याच नावानं पडद्यावर यायचं म्हटलं की मान राहतो, भूमिका मिळत नाही. कोलचं दुसऱ्या बाजूनं झालं. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला त्रिकूट सुरू केलेला हा पहिल्या प्रतीचा पियानोवाला, पण गाणी इतकी खपली की १९५० च्या दशकात लोकांना तो उभा राहून गाणाराच पाहिजे होता. एनबीसी टीव्हीवरचा त्याचा कार्यक्रम नोव्हेंबर १९५६ ला सुरू झाला, देशभरात जाहिरात करणारा एकही प्रायोजक मिळेना, डिसेंबर १९५७ ला संपला. प्रेक्षक होते, पैसा लावणारा नव्हता.

आपल्याकडचं माप हवं असेल तर वसंतराव देशपांडे: जन्म १९२०, मूर्तिजापूर. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडं शिक्षण, १९३५ मध्ये बालवयात चित्रपटात कृष्ण, तबला-पेटी दोन्ही हाताखालचं. आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' नाटकात जी भूमिका आली ते पात्र स्वतःच गवई होतं. गाण्यासाठी नाटक थांबवावं लागलं नाही, म्हणून गाणं आणि नटपण एकत्र आलं. मंडळीच्या लेखकाला सांगता येत असेल तर पात्रच पेटीवाला, बँडवाला, मास्तर असं लिहून घ्या.

पैशाचं: गाणं, वाजवणं आणि पात्र यांची नाईट (एका प्रयोगाचे पैसे) वेगवेगळी ठरवा आणि इसार घेतानाच कागदावर घ्या. 'बसल्या बसल्या एक प्रवेश करून दे' हे फुकटात जातं. कीबोर्ड तुमचा असेल तर त्याचं भाडंही वेगळी ओळ.

ऑर्गन_वडसा

बढिया माहिती. एक राहिलं: नाट्यपदाच्या चालीखाली हे कॉर्ड लावले तर राग बिघडणार नाही का? कोणत्या रागापासून सुरू करू?

सूरपेटी

मारवा, तोडी यांना हात लावू नका. मारव्यात पंचम नाही आणि सा जपून लावायचा, तिथं कॉर्डनं सारखा सा-प वाजवला की राग संपला. खमाज घ्या. दोन्ही नी असल्यामुळं सोय आपोआप होते: सा – ग – कोमल नी वाजवा आणि तिथून म – ध – ग वर या. ग जागेवर राहतो, कोमल नी ध वर उतरतो. बऱ्याच खमाजी चाली कोमल नी लावून ध वर येतात, तेव्हा गळा आणि कॉर्ड एकाच दिशेनं जातात. चाल दादऱ्यात असेल तर तीनची विभागणी आधीच तयार, ठेकेवाल्याशी भांडण नाही.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र गळ्यानंच घ्या. कीबोर्डचं पिच व्हील (सूर वर-खाली सरकवणारं चाक) बहुतेक यंत्रांत दोन अर्धे सूर वर-खाली सरकतं, पण ते फिरवायला डावा हात उचलावा लागतो आणि खालचा तळ सुटतो. तान घ्यायची असेल तेव्हा हात एका कॉर्डवर थांबवा, तान संपून सम आली की पुढचा कॉर्ड द्या. तानेच्या मध्येच कॉर्ड बदलला की सूर बरोबर असूनही चुकल्यासारखा ऐकू येतो.