मदत हवी आहे: आरएक्स १०० चा न्यूट्रलचा दिवा वेड्यासारखा वागतोय

नमस्कार मंडळी,

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९३ ची, काकांनी वापरलेली. इंजिन ठणठणीत आहे, तक्रार फक्त मीटरमधल्या हिरव्या दिव्याची. गाडी न्यूट्रलला असताना तो कधी पेटतो, कधी नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये स्पीडब्रेकरवर आदळली की लुकलुकतो. पाऊस पडून गेला की जास्तच. राहायला गोव्यात समुद्राकाठी मांद्र्याला, म्हणजे खारी हवा बारा महिने. गंज काय चीज असते ते मला नव्याने सांगायला नको.

त्रास एवढाच नाही की दिसायला वाईट. म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये हिरवा बघून क्लच सोडला आणि गाडीने उडी घेतली. पुढे टुरिस्टाची भाड्याची स्कूटर होती, थोडक्यात वाचलो.

आतापर्यंत केलेलं: बल्ब नवा टाकला, होल्डर पॉलिश पेपरने घासला. हॉर्न, इंडिकेटर व्यवस्थित, म्हणजे बॅटरी ठीक असावी. इंजिनवरच्या न्यूट्रल स्विचकडे जाणारी आकाशी वायर सुटी करून इंजिनला टेकवली तर दिवा लख्ख पेटतो. मेकॅनिक म्हणतो, 'पूर्ण वायरिंग बदलून टाक, सगळंच जुनं झालंय.' मला ते पटत नाही. मूळ वायरिंग एस्कॉर्ट्सच्या (तेव्हा ही गाडी इथे बनवणारी कंपनी) काळातलं आहे, एका दिव्यापायी ते उपटून बाजारातलं हलकं किट घालायला जीव होत नाही.

सुरुवात कुठून करू? आणि स्विच काढला तर गियर ऑइल सांडेल का?

---

प्रतिसाद:

वायरिंगला हात लावू नका. या दिव्याला तपकिरी वायरीतून करंट कायम मिळतो, स्विच फक्त अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटला इंजिनमधून परतीची वाट) देतो. आकाशी वायर इंजिनला टेकवल्यावर पेटला म्हणजे बल्ब, फ्यूज, करंट, इंजिनचा अर्थ, सगळं एका फटक्यात पास.

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड आहेत, ते एकत्र करू नका. गियरमध्ये पेटतो म्हणजे आकाशी वायरला वाटेत कुठेतरी चोरटा अर्थ मिळतोय. स्विचमधून आलेली ती वायर वरच्या जोडापाशी सुटी करा, वरच्या टोकाला टेप लावा आणि खड्ड्यांतून एक फेरी मारा. तरीही लुकलुकला तर दोष वर, हँडलपाशी हार्नेस (वायरींचा जुडगा) वळतो तिथे किंवा हेडलाइटच्या मागे. गप्प बसला तर दोष खाली, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) आसपास.

न्यूट्रलला न पेटणं हे बहुधा स्विचच्या आतलं दुखणं. गियर ड्रमच्या (गियर बदलताना आत फिरणाऱ्या दंडगोलाच्या) टोकाला कॉन्टॅक्ट असतो, तो झिजतो किंवा त्यावर काळा मळ बसतो. पेट्रोलने पुसून बघा. काढताना गाडी उजवीकडे चांगली कलती ठेवा, ऑइल फारसं येणार नाही. ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) मात्र नवीच घाला. स्क्रू ताकद लावून पिळू नका, प्लास्टिक आहे, तडकतं.

---

धागाकर्ता:

दादा, देव बरें करूं! वायर सुटी करून मांद्रे ते पेडणे जाऊन आलो, दिवा गप्प. मग गियर लिव्हर आणि डावं कव्हर काढलं. आत चेनचं ग्रीस आणि रेती यांचा घट्ट लगदा. तो खरवडल्यावर दिसलं, स्प्रॉकेटच्या अगदी जवळ आकाशी वायरचं कव्हर चेनने सोललंय, तांब्याच्या दोन-तीन तारा उघड्या. गाडी आदळली की त्याच क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या धातूला, लागत असणार. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, सोल्डर केलं, वर स्लीव्ह घातली आणि चेनपासून लांब बांधली. आता गियरमध्ये लुकलुकत नाही.

न्यूट्रलचं अर्धंच सुटलंय. कॉन्टॅक्ट पुसल्यावर पेटतो, पण मंद, आणि गाडी हाताने किंचित पुढे-मागे केली की नीट येतो. कॉन्टॅक्टचं टोक एका बाजूने तिरकं झिजलेलं दिसतंय. म्हापशात मिळालेला स्विच हातात घेतला तर प्लास्टिकच हलकं वाटलं, घेतला नाही. मूळ कंपनीचा स्विच पणजी, मडगाव किंवा बेळगावला कुणाला अलीकडे मिळालाय का? की जुन्या गाडीचा काढलेला चांगला बघून घालू?