अनुभव धागा: ‘स्क्विरल गर्ल’ तुमच्या घरात कोण कोण वाचतं?

आमच्याकडे पाचवीतली लेक, मी आणि सासरे, तिघांत एकाच कॉमिकवरून ओढाताण चालते. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनाचं ‘द अनबीटेबल स्क्विरल गर्ल’. लेखक रायन नॉर्थ, चित्रं आधी एरिका हेंडरसनची, मग डेरेक चार्मची. २०१५ ते २०१९. स्क्विरल गर्ल म्हणजे डोरीन ग्रीन; तिला खारीची शेपटी आहे, खारींची भाषा येते, न्यूयॉर्कमध्ये ती कॉम्प्युटर सायन्स शिकते आणि कुणाकडूनही हरत नाही. एवढ्या भांडवलावर ५८ अंक निघाले आणि ‘किशोरांसाठी सर्वोत्तम’ म्हणून २०१७चा आयस्नर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कारही मिळाला! लहानांसाठी पुष्कळ लिहिलं जातं, पण मोठ्यांनी हातातून हिसकावून घ्यावं असं थोडंच. तुम्ही कधी वाचलंत, कुणाबरोबर, काय आवडलं, काय खटकलं? लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

ठाणेकर_आई
माझा मुलगा मारामारीची पानं शोधायला कॉमिक उघडतो. पहिल्याच अंकात क्रेव्हन येतो, स्पायडरमॅनचा हाडवैरी शिकारी. चिरंजीव सरसावून बसले. थोडी झटापट होतेही, पण मग डोरीन त्याच्याशी चक्क गप्पा मारायला लागते. सर्वांत बलाढ्य प्राण्याचीच शिकार करायची ना तुला? मग समुद्राच्या तळाशी गिगॅन्टो नावाचे महाकाय प्राणी आहेत, त्यांच्या मागे लाग. आणि तो जातो की! ‘ही चीटिंग आहे’ असा निकाल देऊन पोरगं जेवायला गेलं. रात्री पांघरुणात तेच पान उघडं. हाच क्रेव्हन पुढे मित्र म्हणून परत येतो आणि त्याच्या गाडीचं नाव ‘क्रा-व्हॅन’ आहे, हे त्याला कळलं तेव्हा तो कॉटवरून पडायचा बाकी होता.

नाशिकचे_आजोबा
आम्ही इंद्रजालच्या वेताळावर वाढलो. वेताळ कधी खळखळून हसलेला आठवत नाही, आणि आम्हाला ते चालायचं. पुढे मुलांसाठी चाचा चौधरी घरात आले. साबूला राग आला की गुरू ग्रहावर ज्वालामुखी फुटतो, याला मी मुलांपेक्षा जास्त हसायचो. नातीनं ही खारवाली दिली तेव्हा त्याच गोत्रातली वाटली. फरक इतकाच, की चाचांचं डोकं चालायचं आणि शेवटी हात साबूचा पडायचा. इथे डोकं चालतं आणि पुष्कळदा हात उचलावाच लागत नाही. (सौ.ने मुखपृष्ठ पाहून विचारलं, ‘सेतू बांधणारी का ही?’ मी हो म्हटलं.)

पिंपरीचा_कोडर
अंक ३१चा शेवट फोडतोय, न वाचलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर जा.

हे कॉमिक मला हॉस्टेलच्या रूममेटनं दिलं. त्याला विनोद आवडायचे, विशेषतः ब्रेन ड्रेन, म्हणजे धातूच्या धडावर बरणीतला मेंदू. अस्तित्वाच्या निरर्थकतेवर तो असा गंभीरपणे बोलतो की आपण फुटतो. मला मात्र डोरीन आणि तिची रूममेट नॅन्सी यांच्या खोलीतल्या गप्पा आवडायच्या. नॅन्सीकडे कसलीही शक्ती नाही. एक मांजर आहे, विणकाम आहे आणि डोरीनला तोंडावर ‘हे चुकतंय’ म्हणायची हिंमत आहे. सुपरहीरोच्या मैत्रिणीला सहसा खलनायकानं पळवून न्यायचं, एवढंच काम असतं. इथे निम्म्या लढाया नॅन्सीच्या डोक्यानं जिंकल्या जातात.

तर ३१वा. या दोघींचा काळ इतका वेगात धावू लागतो की बाकीचं जग गोठल्यासारखं होतं. इतरांचा एक शनिवार-रविवार, तेवढ्यात यांचं अख्खं आयुष्य. दोघी पानागणिक म्हाताऱ्या होत जातात, लोकांना वाचवत राहतात, परतीचं यंत्र जुळवत राहतात. भांडण नाही, खलनायकाचं भाषण नाही. हेंडरसनचा हा शेवटचा नियमित अंक. विनोद इथेही आहेत, म्हणून तर जास्त लागतं. मी तो ऑफिसच्या बसमध्ये वाचला आणि उतरल्यावर आधी रूममेटला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. ‘३१ वाचलास ना?’ एवढंच म्हणाला.

चष्मेवाली
मी जरा विरोधात. पानाच्या तळाशी फिकट रंगातल्या बारीक ओळींत वेगळेच विनोद असतात. छापील पुस्तकात ठीक, पण फोनवर डोळे फुटतात आणि ते वाचले नाहीत तर निम्मी गंमत गेली. चित्रंही पहिल्यांदा गबाळी वाटली. डोरीन गोबरी, दात पुढे. आता विचाराल तर सुपरहीरोबाईची ती ठरलेल्या छापाची कंबर नाही, हेच बरं वाटतं. पण शाब्दिक कोट्या फार आहेत, आणि अमेरिकन संदर्भ माझ्या भाचीला समजावताना विनोदाचा जीव जातो.

संगणकवाल्या_बाई
एका अंकात डोरीन बोटांवर द्विमान (बायनरी) पद्धतीनं मोजायला शिकवते, वर केलेल्या बोटांची बेरीज करायची. अंगठा १, मग २, ४, ८, करंगळी १६. एका हातावर ३१ पर्यंत, दोन्ही हातांवर १०२३. आठवीच्या वर्गात मी हेच वापरते. ४ दाखवताना एकटं मधलं बोट वर येतं, तेव्हा वर्गात जे व्हायचं तेच होतं. पण एकही मूल ४ विसरत नाही.

नवा_वाचक
सुरुवात कुठून करू? दोन वेगवेगळे ‘अंक १’ दिसतायत.

धागाकर्ती
दोन्ही २०१५चेच आहेत. आधी ८ अंक आले, मग ऑक्टोबरमध्ये मार्व्हलनं पुन्हा १पासून क्रमांक सुरू केले. दुसऱ्या अंक १च्या मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचीच टर उडवली आहे, की या वर्षातला हा आमचा फक्त दुसराच अंक १! तुम्ही त्या जुन्या ८ अंकांपासून वाचा, म्हणजे गॅलॅक्टस चुकणार नाही. ग्रहच्या ग्रह गिळणारा तो, चौथ्या अंकात पहिल्याच पानावर हरलेला दिसतो आणि कसा हरला हे नंतर कळतं. सासऱ्यांना वाटलं मधली पानं गळाली. शिवण तपासून झाली त्यांची.

दुसऱ्या मालिकेतला ७वा अंक मात्र एकट्यानं वाचा. पुढे काय करायचं ते त्यात आपणच निवडायचं असतं, आणि आमच्याकडे त्यावरून दोन दिवस अबोला होता.