प्लॅनिंग कमिशनपुढे डोकी मोजत नाहीत

सभागृह भरून लोक विरोधाला आले तरी प्रकल्प मंजूर झाला, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं असतं, असं अमेरिकेतल्या शहरांतल्या बांधकाम-सुनावण्यांबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. राग समजतो. पण तिथल्या प्लॅनिंग कमिशनने, म्हणजे असे अर्ज ऐकणाऱ्या स्थानिक मंडळाने, अर्ज झोनिंगच्या (कुठल्या जागेचा कसा वापर करता येईल या नियमांच्या) लेखी निकषांत बसतो का, हेच मुख्यतः पाहायचं असतं. 'आम्हाला नको' याला तिथे फारसं वजन नाही. 'या गल्लीत ट्रक वळत नाही, हा घ्या फोटो' याला आहे. सुनावणीच्या काही दिवस आधी शहराच्या नियोजन कर्मचाऱ्यांचा अहवाल जाहीर होतो, त्यात मंजुरीच्या प्रस्तावित अटी असतात: दिव्यांचा झोत खाली, रात्री माल उतरवणं बंद, कुंपणालगत झाडं. शेजाऱ्यांच्या हाती खरं काही लागतं ते या अटींमध्ये, आणि नेमकं तेच पान कोणी वाचत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक. अर्ज कोणत्या प्रकारचा आहे ते आधी बघा. जागेचा झोन, म्हणजे तिला लागू असलेला वापराचा विभाग, बदलायचा असेल तर कमिशन बहुधा फक्त शिफारस करतं, निर्णय सिटी कौन्सिलचा. तिथे आपल्या कौन्सिल सदस्याला भेटून बोलायला सहसा हरकत नसते. विशेष वापराच्या परवान्याची (त्या झोनमध्ये वेगळी परवानगी घेऊनच करता येणाऱ्या वापराची) सुनावणी मात्र बऱ्याच राज्यांत कोर्टासारखी चालते. तिथे निर्णय देणाऱ्या सदस्याला सुनावणीबाहेर परस्पर गाठलंत तर त्याला ते सर्वांसमोर सांगावं लागतं, कधी त्या प्रकरणातून बाजूलाही व्हावं लागतं. आणि पुढे अपिलात जायचं तर मुद्दा सुनावणीच्या अधिकृत नोंदीत असावा लागतो, म्हणून तोंडी बोललात तरी मुदतीत लेखी पत्र द्याच.