सेडान घ्यायचीच असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली घ्या, नवी नको

हिशेबी नाशिककर

घरात पाच माणसं, त्यात आई-वडील सत्तरीच्या पुढचे. बजेट ताणून ताणून पंधरा लाख. होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया चारही चालवून झाल्या. माझं मत ठरलंय, ते इथे वादासाठी टाकतो: या वर्गातली सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली बसकी गाडी, शोरूममधून नवी घेण्यात अर्थ नाही.

बाजार सगळा एसयूव्हीच्या मागे आहे. टोयोटाने यारिस २०२१ मध्येच गुंडाळली, मारुतीने सियाझ २०२५ मध्ये. मागणी नाही म्हणून वापरलेल्या सेडानला भाव नाही, आणि त्यात घेणाऱ्याची चंगळ आहे. त्याच वयाची क्रेटा एसयूव्ही बघायला जा, विकणारा एक रुपया सोडत नाही. सेडानवाला स्वतः फोन करून विचारतो, "मग कधी येताय?"

आता आकडे. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा सोडून, साडेबारा लाखांची पेट्रोल गाडी धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा कर १२ टक्के, म्हणजे दीड लाख. विमा आणि बाकीची किरकोळ भर घालून गाडी रस्त्यावर येते साडेचौदाच्या पुढे. विम्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के वजा होतात. म्हणजे कागदावर उरले साडेसात लाख. नीट ठेवलेली ऑटोमॅटिक लाखभर जास्तच जाते, मान्य. तरी पहिल्या मालकाचे सहा लाख गेलेच. शिवाय आरटीओचा कर पंधरा वर्षांचा एकरकमी असतो. भरला त्याने, आणि गाडी महाराष्ट्रातच राहिली तर उरलेली अकरा वर्षं उपभोगणार मी.

जीएसटी कमी झालाय हे शोरूमवाल्यांचं पालुपद. २२ सप्टेंबर २०२५ ला खरी चांदी झाली ती चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची, त्या १८ टक्क्यांवर आल्या. साडेचार मीटरच्या सेडानला उपकरासकट ४५ होता, तो ४० झाला. किमतीत फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी नाचायचं?

ओसाडगावचा

बाकी सगळं ठीक. पण एवढी चांगली गाडी पहिल्या मालकाने चार वर्षांत का विकली, हे कोणी विचारतं का?

घाटमाथा

नाशिककर, तुमचं गणित दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याचं आहे. आपल्याकडचा कुटुंबवत्सल माणूस गाडी बारा वर्षं ठेवतो. तसं मांडून बघा. नवी साडेचौदाला घेतली आणि बाराव्या वर्षी पावणेदोनला दिली, तर वर्षाला एक लाख सहा-सात हजार पडले. तुमची साडेआठची चार वर्षांची गाडी तेवढीच म्हातारी होईपर्यंत ठेवली, तर आठ वर्षं, वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. फरक बावीस-तेवीस हजारांचा. त्यातून टायरचा एक सेट, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शनचं काम वजा करा. वॉरंटी संपलेली असते हे विसरू नका. आणि ही पहिली चार वर्षं, जेव्हा गाडी कुरकुर करत नाही, ती तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकताय.

कर्जाचंही बघा. नव्या गाडीला ९ टक्क्यांच्या आसपास मिळतं, वापरलेलीला १३ सहज लावतात. आठ लाखांवर पाच वर्षांत तोच फरक पंच्याण्णव हजारांचा होतो.

हिशेबी नाशिककर

साडेआठ लाखांच्या गाडीला आठ लाखांचं कर्ज काढेल कोण? माझ्याकडे रोख सहा आहेत. नवीला साडेआठ लाख काढावे लागतील, वापरलेलीला अडीच. साडेआठवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत व्याज दोन लाखांच्या वर. अडीचवर १३ टक्क्यांनी नव्वद हजार. दर जास्त आणि व्याज कमी, हे शोरूममधला पोरगा कधी सांगणार नाही.

बारा वर्षांचा मुद्दा मात्र वजनदार आहे, उडवून लावत नाही. पण बारा वर्षं ठेवणारे खरंच किती? आमच्या सोसायटीत सहाव्या वर्षी सगळ्यांना सनरूफ हवंसं वाटायला लागतं.

मी डोंबिवलीची

पुरुषांनो, सहा लाख-आठ लाख चाललंय, पण त्या गाडीत बसणाऱ्या आजी-आजोबांना कोणी विचारलं का? सेडानची सीट खाली असते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना आत बसणं जमतं, उतरताना दोन जण लागतात. नवी-जुनी नंतर ठरवा. आधी दोघांना मागच्या सीटवर बसवून, उतरवून बघा, आणि तेही शोरूमच्या सपाट फरशीवर नाही, रस्त्याच्या कडेला. आत बसल्यावर मात्र सेडानसारखं सुख नाही, हे त्याच म्हणतात. पाय लांब करता येतात आणि घाटात गाडी एसयूव्हीसारखी डुलत नाही, त्यामुळे त्यांना मळमळत नाही.

घाटमाथा

काकू, शंभर टक्के. मागच्या सीटचं सुख बघायचं तर सियाझला तोड नव्हती. पण त्याच गाडीत शेवटपर्यंत दोनच एअरबॅग होत्या.

नाशिककर, आता माझा दुसरा मुद्दा, जो मला पैशांपेक्षा मोठा वाटतो. स्लाव्हिया आणि व्हर्टस यांना गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले २०२३ मध्ये, नव्या व्हर्नालाही त्याच वर्षी. व्हर्नाचा सांगाडा त्यांनी 'अस्थिर' नोंदवला होता, तेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी येऊन सांगेलच. साडेआठ लाखांत तुम्हाला जी मिळेल ती बहुतेक आधीच्या पिढीची. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि नाशिककरांची गाडी तिथे जाणारच. आई-वडिलांना मागे बसवून तुम्ही जुन्या पिढीचा पत्रा घेणार?

हिशेबी नाशिककर

जुन्या पिढीचा पत्रा म्हणजे काही पापड नाही. चौथ्या पिढीच्या सिटीला २०२२ मध्ये त्याच ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले होते. आणि व्हर्टस, स्लाव्हिया २०२२ पासून रस्त्यावर आहेत. आज वापरलेल्या बाजारात तीच पाच तारेवाली गाडी उभी आहे, चाचणी नंतर झाली म्हणून पत्रा बदलला नाही. जमिनीपासून तळाची उंचीही १७९ मिलिमीटर, आमच्याकडच्या गतिरोधकांना पुरते.

पार्सिंग लाईट

एक दुरुस्ती. एअरबॅग किती, हे तेव्हा गाडीच्या नावावर नव्हे, व्हेरियंटवर ठरायचं. त्याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला कमी, वरच्याला सहा. जाहिरातीत 'टॉप मॉडेल' सगळेच लिहितात. आरसीवर व्हेरियंट असतो, तो वाचा.

गॅरेजवाला, सातारा रोड

दोघांचे आकडे बरोबर आहेत, पण गाडी आकड्यांवर चालत नाही. माझ्याकडे वापरलेली गाडी तपासायला घेऊन येणारे दहातले निम्मे तरी टोकन देऊन आलेले असतात. मग मी काय सांगू?

बघायचं कसं ते लिहितो. पहिली गोष्ट मीटर नाही, विम्याचा कागद. चालू पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती ते बघा. एकही क्लेम नसेल तर तो पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा चढतो. चार वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे गेल्या वर्षात काहीतरी झालंय. विचारा काय झालं. बंपर घासला असेल तर सांगायला कोणी लाजत नाही. (हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. शिवाय जुन्या गाडीवरून आणलेला असेल तर आकडा वर दिसेल, तेवढं लक्षात ठेवा.)

मग बॉनेट उघडा आणि फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागलेला लपत नाही. काचांवरचं उत्पादनाचं वर्ष सगळीकडे जुळतं का? एकच काच नवी असेल तर दगडही लागला असेल, पण दोन नव्या असतील तर थांबा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर ३५ हजार आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटर खोटं बोलतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी मागवा, प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात, तिथे मीटर मागे फिरवता येत नाही.

ड्राय क्लचवाला (क्लच तेलात न बुडलेला) ऑटोमॅटिक असेल तर मोकळ्या रस्त्यावर चालवून काही कळत नाही. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास घाला, चढावर सरपटत चढवा. धक्के देत असेल तर नमस्कार करून परत या. तो गिअरबॉक्स वॉरंटीबाहेर गेला की तुमचा अख्खा हिशेब त्यात जातो.

चिपळूणकर

पाण्यात बुडालेल्या गाड्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुलै २०२१ मध्ये आमच्याकडे आणि महाडला गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात तेच. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका. धुऊन, पुसून, सीट कव्हर बदलून कितीतरी लांबच्या शहरांत विकल्या गेल्या. नाशिककरांचा 'तीन-चार वर्षं' हा आकडा आता २०२१ च्या पुढचा आहे खरा, पण पूर दरवर्षी कुठेतरी येतोच.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेषा राहते. डिकीतल्या स्टेपनीखाली हात घाला. सीटच्या रुळांवरचा गंज बघा. आणि सेंटचा वास भपकन आला तर कशाचा वास झाकलाय ते विचारा.

घाटमाथा

हे सगळं वाचून माझंच मत पक्कं झालं. एवढा तपास लग्नाच्या स्थळाचा करत नाही आपण. नवी घ्या, पेढे वाटा, झोप घ्या.

हिशेबी नाशिककर

एका रविवारच्या तपासाचे मला चार-सहा लाख मिळत असतील तर मी दर रविवारी करीन.

चार मीटरचा

तुमच्या दोघांच्या भांडणात तिसरा रस्ता दिसतच नाही. जीएसटीत खरी घट छोट्या गाड्यांना मिळाली, असं नाशिककरच म्हणाले. मग नवी डिझायर किंवा अमेझ का नको? डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेत. वापरलेल्या सिटीच्या पैशांत थोडी भर घातली की हातात नवी कोरी गाडी, वॉरंटीसकट.

हिशेबी नाशिककर

डिझायरची डिकी ३८२ लिटरची. व्हर्नाची ५२८. पाच माणसं गावाला निघाली की बॅगा, आंब्याची पेटी, वडिलांची काठी आणि आईचा 'असू दे' म्हणून घेतलेला डबा. मागच्या सीटवर तिघं बसतात ती रुंदीही नाही. छोटी गाडी छान आहे, पण चौघांना.

इथेनॉल नको

ई-२० चं काय? एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या २० टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीची घेतली तर पंपावर दुसरं पेट्रोल आहे कुठे? सरकारनेच मायलेज थोडं घटतं हे मान्य केलंय. रबरी पाइप आणि गॅस्केटची काळजी वेगळीच.

गॅरेजवाला, सातारा रोड

सरसकट नाही. होंडाने २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालतात असं जाहीर केलंय. प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. मॅन्युअल किंवा पेट्रोलच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते बघा.

पिंपरीत दिल्लीवाला

स्वस्त मिळते म्हणून दिल्ली पासिंगच्या गाडीच्या नादी लागू नका. डिझेल गाडी दहा वर्षांनंतर चालवू न देण्याच्या नियमाच्या धास्तीने तिकडच्या गाड्या इकडे येतात आणि फोटोत चकाचक दिसतात. एनओसी (ना-हरकत दाखला) आणा, इथे परत नोंदणी करा, वयाप्रमाणे इथला कर भरा. वाचलेले पैसे तिथेच गेले, चकरा वेगळ्या.

हिशेबी नाशिककर

तरी डिझेल सेडान हवी असणाऱ्याला वापरलेलीच घ्यावी लागणार, या वर्गात नवी डिझेल २०२३ नंतर उरलेलीच नाही. मला नकोय, माझं चालवणं वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत.

घाटमाथाच्या सुरक्षिततेच्या मुद्द्यावर मी माझी अट घट्ट करतो. २०२२ नंतरची, सहा एअरबॅगची, महाराष्ट्र पासिंग, थेट मालकाकडून. एप्रिल २०२३ नंतरची मिळाली तर इथेनॉलचाही प्रश्न सुटला.

घाटमाथा

म्हणजे सरकत सरकत तुम्ही साडेदहा-अकरा लाखांवर आलात. वरच्या व्हेरियंटची, कमी चाललेली, ऑटोमॅटिक आठमध्ये कोणी देत नाही. नव्यातला आणि तुमच्यातला फरक साडेतीन-चार लाख उरला आणि गाडीचं निम्मं तारुण्य गेलं. वर्षाअखेरीस त्या वर्षाचा स्टॉक काढायला शोरूमवाले सेडानवर बरी सूट देतात, कारण तुम्हीच म्हणालात, मागणी नाही. मग तोच न्याय नव्या गाडीला का लावत नाही?

हिशेबी नाशिककर

हा मुद्दा चांगला काढलात. डिसेंबरमध्ये कोटेशन काढून बघतो. तीन लाखांच्या आत फरक आला तर नवी, वर राहिला तर वापरलेली. यापुढे मी हटणार नाही.

गॅरेजवाला, सातारा रोड

वापरलेली घेतलीत तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या स्वतःसमोर करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चलनं बाकी आहेत का ते परिवहनच्या वेबसाइटवर दिसतं. आणि विकणाऱ्यांनीही वाचा: आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमची. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमारच्या प्रकरणात तेच सांगितलंय, गाडी मधे कितीही हात फिरली असली तरी. एजंट "होईल हो सावकाश" म्हणाला तर चावी देऊ नका.