गाणी उगाच घुसडलेली नाहीत

जॉन टर्टुरो दिग्दर्शित 'रोमान्स अँड सिगारेट्स' या सिनेमात गाणी उगाच घुसडलीत आणि उत्तरार्ध ढेपाळतो, असा आक्षेप वाचला. त्यातला गाण्यांचा मुद्दा काही पटला नाही. निक हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला लोखंडकाम करणारा कामगार. त्याने दुसऱ्या बाईवर केलेली कविता बायकोच्या हाती लागते, तिन्ही मुली आईच्या बाजूने उभ्या राहतात आणि या गड्याला बोलायला शब्द सुचत नाहीत. मग तो घराबाहेर येऊन गायक एंगेलबर्ट हम्परडिंकचं जुनं गाणं 'अ मॅन विदाउट लव्ह' गायला लागतो. मूळ रेकॉर्ड वाजत असते आणि तिच्यावर निक झालेल्या जेम्स गॅन्डोल्फिनीचा स्वतःचा भसाडा आवाज! हाच तर सगळा खेळ आहे. लेखक डेनिस पॉटरच्या बीबीसीवरच्या 'पेनीज फ्रॉम हेवन' या मालिकेत (१९७८) नट जुन्या रेकॉर्डवर नुसते ओठ हलवतात. टर्टुरो नटांना सोबत गायला लावतो, त्यामुळे उसन्या गाण्यातून माणूस डोकावत राहतो. नवरा बेसूर आहे, पण खोटं गात नाही. (संसारात खोटं बोलतो, ते वेगळं.)

नट ख्रिस्तोफर वॉकेनचं 'डिलायला' हे गाणं तर केवळ त्याच्यासाठी सिनेमा बघावा असं. केट विन्सलेटची टूला, म्हणजे ती दुसरी बाई, कमालीची शिवराळ आहे, आईवडिलांसोबत बघायला बसू नका.

सिनेमा चालला नाही हे खरं, पण २००५ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवलेला हा सिनेमा अमेरिकेत थेट २००७ला लागला, तोही टर्टुरोने स्वतः खटपट करून. निर्मितीत कोएन बंधूंसारख्या नामवंत दिग्दर्शकांचं नाव पाठीशी असूनही. उत्तरार्ध मात्र ढेपाळतो, तो आक्षेप मान्य.