मतदानाच्या आदल्या रात्रीच अल्गोल तारा मंदावतोय, काय करू? (मदत हवी आहे)

मंडळी, मंगळवारचा गोंधळ ऐका. सकाळी बँकेत केवायसी, मग आईचा चष्मा आणायचा (काचा तयार आहेत, फ्रेम बदलून हवीये, म्हणजे दोन खेपा नक्की), दुपारी निवडणूक ड्यूटीचं साहित्य ताब्यात घ्यायचं. त्यात घाई चालत नाही. यंत्रांचे क्रमांक यादीशी जुळवायचे, सील तपासायची, मतदारयादीची पानं मोजायची. मागच्या वेळी एक पान कमी निघालं होतं, तेव्हापासून मी स्वतःच मोजतो.

आणि त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास ययाती तारकासमूहातला अल्गोल सगळ्यात मंद! हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ वर येते, सगळा खेळ दहाएक तासांचा. पुढची वेळ शुक्रवारी साडेसातच्या आसपास, नेमकी मतमोजणीच्या संध्याकाळी.

दुर्बीण लागत नाही, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतो. पण पहाटे चारला उठायचंय.

आठ ते अकरा दर अर्ध्या तासाने नोंद घेतली, उजळण्याचा भाग सोडून दिला, तर आलेखातून किमान तेजाची वेळ बऱ्यापैकी निघेल का? की अर्धवट नोंदी निरुपयोगीच? आणि ड्यूटीच्या आदल्या दिवशी बँक-चष्म्याची कामं तुम्ही कशी उरकता? चष्मा पुढे ढकलावा म्हणतोय, पण आईला तोंड कोण देणार!