मदत हवी आहे: पी५३ 'वाढलेले' आणि टीपी५३ 'निकामी', हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे?

नमस्कार. माझे थोरले बंधू (वय ५८, लालबाग) यांच्या डाव्या गालाच्या आतली, खालच्या हिरडीला भिडलेली गाठ दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेने काढली. त्याच वेळी मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. दादा छापखान्यात खिळे जुळवायला बसले तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, तंबाखू-चुन्याचा बार त्यांनी त्याच डाव्या गालात धरला. उजव्या गालाची पाळी कधी आलीच नाही. उपचार कोणते घ्यावेत हा माझा प्रश्न नाही, ते डॉक्टरांवर सोपवले आहे. ओपीडीतली गर्दी पाहता अहवालातल्या एकेका शब्दाचा अर्थ त्यांना विचारत बसणे प्रशस्त वाटले नाही, म्हणून इथे लिहीत आहे. माझे शिक्षण वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., तेही तीस वर्षांपूर्वीचे, हे लक्षात घेऊन उत्तर द्यावे.

हातात दोन कागद आहेत. पहिला पॅथॉलॉजीचा. पी५३ या, पेशींच्या बेसुमार वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनाचा गडद रंग गाठीतल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशींच्या केंद्रकांत दिसल्याचे लिहून त्यात पुढे 'ओव्हरएक्स्प्रेशन' (म्हणजे वाजवीपेक्षा जास्त अभिव्यक्ती) असा शेरा दिला आहे, आणि पी१६ 'निगेटिव्ह' आहे. दुसरा कागद, गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवला आहे त्याच मेणाच्या ब्लॉकमधून काढलेल्या डीएनएच्या तपासणीचा. तो म्हणतो की टीपी५३ जनुकात (पी५३ प्रथिन याच जनुकावरून बनते) मिससेन्स प्रकारचा, म्हणजे प्रथिनातला एक घटक बदलणारा, बदल असून त्यामुळे जनुकाचे कार्य नष्ट झाले आहे, तपासणीत या जनुकाचे जेवढे तुकडे वाचले त्यांपैकी ३८ टक्क्यांत हा बदल आहे, सीसीएनडी१ जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत, आणि सीडीकेएन२ए मध्ये मात्र बदल आढळलेला नाही.

इथेच माझे घोडे अडले आहे. जनुकाची अभिव्यक्ती म्हणजे काय हे मी दादांच्या धंद्यावरून समजून घेतले: जनुक म्हणजे खिळे जुळवून बांधलेला फर्मा, आरएनए म्हणजे त्यावरून निघणारी छापील प्रत, आणि प्रथिन म्हणजे ती प्रत वाचून केलेली वस्तू. फर्मे प्रत्येक पेशीत तेच. कोणत्या पेशीने कोणता किती वेळा छापायचा, एवढाच फरक. आता एक खिळा चुकला तर प्रती चुकीच्या निघतील हे कळते, पण त्या जास्त का निघाव्यात? आणि पी१६ हे सीडीकेएन२ए याच जनुकाचे प्रथिन असेल, त्यात बदलही नसेल, तर पी१६ गेले कुठे?

तिसरी शंका घरातली आहे. दादांचा मुलगा २९ वर्षांचा आहे. '३८ टक्के' हा आकडा वाचून त्याने मला विचारले की हे रक्तातून माझ्याकडे आले आहे का. रक्ताची तपासणी झालेली नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक (टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था) आणि कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेतल्या संशोधकांनी गाल व हिरडीच्या कर्करोगावर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बदललेल्या जनुकांत टीपी५३ बरोबर फॅट१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही नावे आहेत, एवढे मी वाचले. पण त्यावरून मुलाला काय सांगावे ते उमगत नाही.

प्रतिसाद:

मी ऊतींच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आपली छापखान्याची उपमा चांगली आहे, फक्त तीत रद्दीवाला राहिला. स्लाइडवरचा रंग किती प्रती छापल्या हे सांगत नाही. त्या वेळी पेशीत किती प्रथिन साचले होते तेवढेच सांगतो. निरोगी पेशीत एमडीएम२ नावाचे प्रथिन पी५३ला सतत मोडीत काढायला लावते, त्यामुळे तयार झालेल्यापैकी निम्मे पी५३ सुमारे २० मिनिटांत नाहीसे होते. गंमत अशी की एमडीएम२चे जनुक चालू करण्याचे कामही पी५३च करते. मिससेन्स बदलाने बिघडलेल्या पी५३ला ते बहुधा जमत नाही, आणि निकामी माल साचत जातो. म्हणून हा गडद रंग बिघाडाचीच खूण आहे. टीपी५३चा आरएनए वाढलेला असेलच असे नाही. 'ओव्हरएक्स्प्रेशन' हा शेराच दिशाभूल करणारा आहे, असे माझे मत. बदल प्रथिन मध्येच तोडणारा असता तर स्लाइड कोरी दिसली असती, आणि तीही तितकीच बिघाडाची खूण ठरली असती. निरोगी ऊतीत रंग फिका आणि विखुरलेला असतो.

पी१६चा फर्मा बिनचूक असूनही बांधून फळीवर ठेवलेला असू शकतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटले की एकही अक्षर न बदलता छपाई थांबते, आणि केवळ अक्षरे वाचणाऱ्या तपासणीला ते दिसत नाही. किंवा नवव्या गुणसूत्रावरचा तो तुकडाच गळाला असेल आणि ब्लॉकमधल्या निरोगी पेशींच्या डीएनएमुळे ती उणीव झाकली गेली असेल. सीसीएनडी१चे सरळ आहे: प्रती वाढल्या की सहसा त्या जनुकाचे प्रथिन, म्हणजे पेशीला विभाजनाकडे ढकलणारे सायक्लिन डी१, वाढते. पी१६ नेमके त्याच सायक्लिनच्या जोडीदार प्रथिनांना रोखते, म्हणजे दादांच्या गाठीत घोड्याला टाच मारलेली आहे आणि लगामही सुटलेला आहे.

३८ टक्क्यांवरून आनुवंशिकता ठरत नाही. जन्मजात बदल रक्तात ५० टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण गाठीत निरोगी पेशी मिसळलेल्या असल्याने आणि जनुकाच्या प्रती कमीजास्त झालेल्या असल्याने जन्मजात आणि नंतर गाठीतच घडलेला, असे दोन्ही प्रकारचे बदल या आकड्यावर येऊ शकतात. आपण उल्लेख केलेल्या अभ्यासात गाठीबरोबर त्याच रुग्णाचे रक्तही वाचले होते ते याचसाठी. तंबाखूतील एनएनके व एनएनएन ही नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटून चुका घडवतात, त्यामुळे हा बदल गालातच घडला असण्याचा संभव फार मोठा आहे. घरात कोणाला कमी वयात स्तनाचा, मेंदूचा किंवा हाडा-स्नायूंचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय समुपदेशकांची भेट टाळू नये.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. घरात तसे कोणी नाही. तरी पुढच्या खेपेला समुपदेशकांची वेळ मागतो. एक विचारायचे राहिले: मुलगा तंबाखूला शिवत नाही, फक्त सुपारी खातो, दिवसातून सात-आठ वेळा. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद:

पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे पक्के ठरलेल्या पदार्थांत, घातले आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचत जाते आणि तोंड उघडेनासे होते. त्याला आ करायला सांगा आणि त्याचीच तीन बोटे उभी दातांच्या मधे मावतात का ते पाहा.

मूळ प्रश्नकर्ता:

आज सकाळी पाहिले. दोन मावतात, तिसरे जात नाही. उद्या त्याला दंतवैद्यांकडे घेऊन जातो.